सड्यावरचं विमानतळ

आम्हा तोंडवलीकरांना सडा ओळखायला शिकवावा लागत नाही. वर जांभा, पावसाळ्यात गवत, उन्हाळ्यात नुसता तापलेला कातळ. आमच्याच वायंगणी-तोंडवलीच्या सड्यावर सी-वर्ल्ड हा पर्यटन प्रकल्प यायचा म्हणून गावागावांत केवढे वाद झाले! म्हणूनच कर्ली नदीपलीकडे, परुळ्याजवळच्या चिपीच्या सड्याचं काय झालं, याकडे मी डोळ्यांत तेल घालून पाहत आलो.

सपाट, उंच आणि घरं कमी, म्हणून विमानतळाला सडाच सोयीचा. चिपीला अडीच हजार मीटरची धावपट्टी झाली. काम एमआयडीसीमार्फत आयआरबी कंपनीकडे होतं. १२ सप्टेंबर २०१८ रोजी, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, चाचणीचं पहिलं विमान गणपतीची मूर्ती घेऊन उतरलं. चाकरमान्यांच्या या सिंधुदुर्ग जिल्ह्यात याहून योग्य पहिला प्रवासी कोण असणार? तरी उद्घाटनाला ९ ऑक्टोबर २०२१ उजाडलं.

मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआर येऊ लागलं. सत्तरेक आसनांचं पंख्यांचं विमान, उडान योजनेतलं. पण पावसाळी ढग खाली उतरले की फेरी रद्द. त्यात जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातलं मोपा विमानतळ सुरू झालं आणि सावंतवाडी, वेंगुर्ल्याची माणसं तिकडे वळली. ऑक्टोबर २०२४ मध्ये, उडानची तीन वर्षांची मुदत संपल्यावर, अलायन्सची मुंबई फेरी थांबली. त्याआधीच आलेल्या फ्लाय ९१ या विमान कंपनीने पुणे, हैदराबाद, बंगळूर जोडलं होतं. ते चांगलंच. पण आमची माणसं परळ-लालबागला, डोंबिवली-विरारला. सिंधुदुर्गाच्या विमानतळाला मुंबईची रोजची, भरवशाची फेरी हवी, आणि ती भर श्रावणातही उतरली पाहिजे.