लेकराचा कान ठणकतोय? तेलाची वाटी आधी बाजूला ठेवा

उमरीसारख्या तालुक्याच्या गावात लेकराचा कान ठणकला की आधी लसूण घालून तेल गरम होतं. दुखणं मात्र पडद्याच्या आत असतं. नाकाची मागची बाजू आणि मधला कान जोडणारी नळी लहान मुलांत आखूड, आडवी असते. सर्दीत ती तुंबते, आत पाणी साचतं, जंतू वाढतात. पडदा शाबूत असेल तर तेल तिथवर जातच नाही. फाटला असेल तर नको तिथं जातं. गंमत अशी, की पडदा फाटून पू वाहू लागला की ठणका एकदम कमी होतो आणि श्रेय तेलाला मिळतं!

दुखण्यावर वजनानुसार पॅरासिटामॉल. दोन वर्षांवरच्या मुलाला सौम्य त्रास असेल तर डॉक्टर दोन-तीन दिवस वाट पाहू शकतात. सहा महिन्यांखालचं बाळ किंवा वाहता कान असेल तर अँटिबायोटिक, बहुतेकदा अमॉक्सिसिलिन. बाहेरून कोमट शेक चालतो. आयुर्वेदातलं कर्णपूरण पडदा तपासल्याशिवाय नकोच. होमिओपॅथीला ठोस पुरावा नाही.

कानामागे सूज, तोंड वाकडं किंवा झापड दिसली तर थेट नांदेड गाठा. विष्णुपुरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा मोफत तपासणी होते, बहिरेपणाचीही. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका.