आहारपालट : पसेनदीच्या ताटापासून महाडच्या परिषदेपर्यंत

माणसाची खाण्याची सवय केवळ उपदेशाने बदलत नाही, हे आधुनिक वर्तनशास्त्राने पोषणशिक्षणापुढे ठेवलेले सूत्र आहे. योग्य क्षणी आठवण, लहान टप्पे, सोबत्याची साथ आणि परिस्थितीत बदल ही त्याची साधने होत. या साधनांचा वापर पाली वाङ्मयातही आढळतो.

संयुत्तनिकायातील दोणपाकसुत्तात कोसलनरेश पसेनदी द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत तथागतांकडे येतो. तथागत त्याची निंदा करीत नाहीत. जागरूक राहून मात्रेने जेवणाऱ्याच्या वेदना कमी होतात, अन्न सावकाश पचते आणि आयुष्य राखले जाते, एवढेच ते एका गाथेत सांगतात. राजा सुदस्सन नावाच्या माणवकाला ती गाथा पाठ करून रोज भोजनसमयी म्हणावयास सांगतो व त्याबद्दल शंभर कहापण देऊ करतो. अट्ठकथेनुसार गाथा शेवटच्या घासाला म्हणावयाची होती. तो घास राजाने ठेवून द्यावा आणि त्यातील शितांइतके तांदूळ पुढच्या वेळी कमी शिजवावेत, अशी योजना होती. क्रमाक्रमाने राजा नाळीभर भातावर आला. चार नाळींचा एक आळ्हक व चार आळ्हकांचा एक द्रोण हे पाली परिमाण घेतले, तर हा आहार सोळाव्या हिश्श्यावर आला. उपदेश एकदाच झाला होता. पालट घडविला तो रोजच्या आठवणीने.

परंतु मात्रा राखण्याचा प्रश्न ज्याच्या ताटात अन्न आहे त्याचा. ज्याच्या ताटात ते नाही, त्याचे काय? पिंपळगाव बसवंतहून मुंबई-आग्रा मार्गाने नाशिक ओलांडले की त्रिरश्मी लेणी लागतात. तेथील शिलालेखात नहपानाचा जावई उषवदात याने 4000 कार्षापणांस शेत विकत घेऊन त्याच्या लेण्यात राहणाऱ्या भिक्खुसंघाच्या आहारासाठी दिल्याची नोंद आहे. भोजनात मात्रा पाळणाऱ्या संघालाही अन्नाची निश्चिती लागत होती.

आपल्या समाजाच्या इतिहासात हा प्रश्न अधिक तीव्र होता. मृत जनावराचे मांस खाणे ही आवडीची बाब नव्हती. गावकीची सक्ती आणि भूक यांनी ती सवय लादली होती. 19 व 20 मार्च 1927 रोजी महाड येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या क्षणापासून मृतमांस सोडण्याचा निश्चय करावयास सांगितले. निश्चय एकट्याचा नव्हता, हजारोंच्या साक्षीने होता. म्हणून तो टिकण्यास बळ मिळाले. त्याच परिषदेने मृतमांसभक्षणास कायद्याने बंदी घालावी, प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करावे आणि वसतिगृहांस साहाय्य द्यावे, अशा मागण्याही केल्या. मृत जनावरे ओढणे सोडल्यास उत्पन्न बुडते, असा हिशेब विरोधकांनी मांडला होता. 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्या युक्तिवादाचा समाचार घेतला. हिशेब पैशाचा मांडला जात होता. प्रश्न माणुसकीचा होता.

आज पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून द्राक्षे, कांदा आणि टोमॅटो दूरदूरच्या शहरांत जातात. त्याच महाराष्ट्रात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. 2018 साली सुरू झालेल्या पोषण अभियानाने सवयी बदलण्यावर भर दिला, तो योग्यच आहे. मात्र पसेनदीची कथा आणि महाडचे ठराव एकत्र वाचले पाहिजेत. बागेत राबणाऱ्या मायमाऊलीला पालेभाजी, कडधान्ये यांचे महत्त्व सांगण्यापूर्वी ती विकत घेण्याइतकी मजुरी तिच्या हाती पडते काय आणि घरात सर्वांच्या मागून जेवताना तिच्या वाट्याला काय उरते, हे विचारले पाहिजे. ताट भरल्यावर मात्रेची गाथा म्हणता येते. रिकाम्या ताटापुढे तिचा अर्थ उरत नाही.