दावणीसाठी पिकवलेले भात

दाणा माणसाचा आणि पेंढा गुरांचा, ही वाटणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. कोकणातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. पण वाचकहो, सबंध पीकच, दाण्यासकट, गाईसाठी पेरावयाचे असे कोणी म्हटले तर? जपानात तसे घडले; आणि तेही चैनीपोटी नव्हे, अडचणीपोटी.

१९६२ साली जपानी माणूस वर्षाला सरासरी ११८ किलो तांदूळ खात असे. पुढे ताटात पाव, दूध, मांस आले आणि २०२० पर्यंत हा आकडा पन्नासाच्या घरात उतरला. कोठारे तुंबली. १९७० पासून सरकारने भाताचे क्षेत्र कमी करण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे देऊ केले. आणि गंमत पाहा, त्याच देशात गुरांसाठी मका मात्र बोटी भरभरून परदेशातून येत होता! पाणथळ खाचरात मका नीट येत नाही. खाचर ओसाड टाकावे तर रान माजते. तेव्हा खाचरात भातच ठेवावे, पण ते गुरांना घालावे, हा विचार बळावला.

१९८१ मध्ये सरकारी संशोधन केंद्रांनी भरघोस उत्पन्नाच्या वाणांचे काम हाती घेतले. चवीपेक्षा वजनाकडे लक्ष. कोरियन वाणांच्या संकरातून निघालेले ‘ताकानारी’ हे त्यातलेच. पुढे सबंध पिकाचा मुरघास करण्यासाठी निराळे वाण आले. पीक पिवळे पडू लागले की दाण्यासकट कापायचे आणि गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळायचे.

पण इथे गाईनेच शास्त्रज्ञांना धडा दिला. तुसातला दाणा कठीण. बराचसा न पचता शेणावाटे बाहेर पडू लागला. मग पैदासकारांनी उलटी वाट धरली. लोंबी मुद्दाम आखूड केली. दाण्यात जाणारी साखर ताटातच राहिली. तिच्यामुळे मुरघास चांगला आंबतो, आणि शेंडा हलका म्हणून पीक लोळत नाही. २०१० च्या सुमारास आलेले ‘ताचिसुझुका’ ते हेच. अर्थात दाणे थोडे म्हणजे बियाणेही थोडे. शिवाय सरकारी मदतीवाचून असे भात शेतकऱ्याला परवडत नाही.

आपल्याकडे १९६० नंतर बुटकी वाणे आली, दाणा वाढला, पण पेंढा कमी पडतो ही कुरकुरही त्यांच्याबरोबरच आली. तिला हसू नये. पीक कोणाच्या पोटात जायचे, हे ठरल्यावाचून चांगले वाण कोणते ते सांगता येत नाही.