खेळयंत्राचे कुलूप आणि दोन न्यायनिवाडे

टेलिव्हिजनला जोडून खेळावयाच्या व्हिडिओ गेमच्या यंत्राकडे आपण पोरखेळ म्हणून पाहतो. परंतु या खेळण्याच्या पोटातील कुलपावरून अमेरिकेत जे कज्जे झाले, त्यांत एक मोठा प्रश्न न्यायासनापुढे आला. दुसऱ्याने घडविलेले यंत्र उघडून त्यापासून शिकण्याचा अधिकार कोणास आहे, आणि तो कोठवर?

१९७७ साली आलेल्या अटारी कंपनीच्या यंत्राला कुलूप नव्हते. खेळ कार्ट्रिजमध्ये भरलेला असे. (हे बंदुकीचे काडतूस नव्हे, प्लॅस्टिकच्या डबीत बसविलेली चिप.) कोणीही कार्ट्रिज बनवावे आणि विकावे. पुढे बाजारात इतका गाळ साचला की गिऱ्हाईक विटले आणि १९८३ साली हा धंदाच कोसळला. न खपलेली कार्ट्रिजे अटारीने न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे कचऱ्यात पुरली. २०१४ साली ती उकरण्यात आली.

जपानच्या निंटेंडोने यातून धडा घेतला. १९८५ साली अमेरिकेत एनईएस हे यंत्र आणताना तिने त्यात 'टेन-एनईएस' नावाची कुलूप-चिप घातली. एक चिप यंत्रात, तिची जोडीदार कार्ट्रिजमध्ये. दोघी एकच गणित आपापल्या जागी सोडवीत आणि उत्तरे सतत ताडून पाहत. उत्तर जुळले नाही की यंत्र पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होई व तांबडा दिवा लुकलुकत राही. आतील जोड ढिला झाला तर अस्सल कार्ट्रिजचीही हीच गत होई. मग मुले त्यावर फुंकर मारीत बसत.

खेळ विकू इच्छिणाऱ्यास परवाना घ्यावा लागे. वर्षाला पाचच खेळ काढावयाचे, तेच खेळ दोन वर्षे इतर यंत्रांसाठी द्यावयाचे नाहीत आणि कार्ट्रिजे निंटेंडोकडूनच घ्यावयाची. दर्जा राखणे हे कारण सांगितले जाई व ते अगदीच खोटे नव्हते; पण त्याबरोबर सारी बाजारपेठच तिच्या मुठीत आली.

कोणी विजेचा झटका देऊन यंत्रातील चिप बधिर केली. कोणी तिची चौथी तार कापली, की पहारेकरी निमूट बसे. अटारी गेम्स कंपनीने मात्र कुलपाचे मर्मच जाणावयाचे ठरविले. तिच्या तंत्रज्ञांनी रसायनांनी चिपचे थर उतरवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तरी पुरता उलगडा होईना. मग १९८८ साली तिच्या वकिलाने सरकारी कॉपीराइट कार्यालयाकडे त्या प्रोग्रामची नक्कल मागितली. आमच्यावर दावा चालू आहे, त्यासाठी ती हवी, असे अर्जात लिहिले. असा दावा तेव्हा नव्हताच! त्या नकलेच्या आधारे 'रॅबिट' नावाची किल्ली तयार झाली आणि टेंगेन या नावाने काळी कार्ट्रिजे परवान्याविना बाजारात आली.

सप्टेंबर १९९२ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने अटारीविरुद्धचा मनाईहुकूम कायम केला. मात्र त्यातील बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रोग्राममागील कल्पना समजून घेण्यासाठी तो उलगडणे न्यायालयाने गैर मानले नाही. पण हाती असलेली प्रत रीतसर मिळविलेली हवी, असे बजावले. शिवाय कुलूप उघडण्यास ज्यांची गरजच नव्हती, असेही भाग 'रॅबिट'मध्ये उतरले होते. ही तर उघड नक्कल होती. रसायने व सूक्ष्मदर्शक घेऊन बसलेल्यांची मेहनत अशी एका खोट्या अर्जाने पाण्यात गेली.

पुढच्याच महिन्यात नवव्या सर्किटच्या न्यायालयाने सेगा व अकोलेड यांचा निकाल दिला. अकोलेडने सेगाचे यंत्र आणि तीन कार्ट्रिजे सरळ विकत घेतली होती. ती उलगडून यंत्राला काय लागते याची पुस्तिका तिने तयार केली आणि खेळ स्वतः लिहिले. दुसरा मार्ग नसताना केलेला हा अभ्यास न्यायालयाने रास्त ठरविला व खालच्या कोर्टाचा मनाईहुकूम उठविला.

अटारी आणि निंटेंडो यांची तडजोड १९९४ साली झाली. त्याच्या आदल्याच वर्षी निंटेंडोने एनईएसची नवी, स्वस्त आवृत्ती काढली होती. तिच्यात ती कुलूप-चिप बसविलेलीच नव्हती.