नौघऱ्यातले सुखदेवांचे घर



भगतसिंग, राजगुरू, सुखदेव ही नावे आपण एका दमात घेतो. त्यात सुखदेव बहुधा शेवटी येतात आणि तिथेच राहतात. आज त्यांच्या घराविषयी बोलणार आहे.

लुधियाना हे होजियरीचे, सायकलींचे शहर. जुन्या वस्तीत चौडा बाजार आहे, नाव चौडा आणि चालायला जागा नाही! त्याच्या मागच्या अरुंद गल्ल्यांत नौघरा मोहल्ला लागतो. इथल्या एका लहान घरात १५ मे १९०७ रोजी सुखदेव थापर जन्मले. वडील रामलाल लवकर गेले. काका अचिंतराम यांनी मुलाला लायलपूरला वाढवले.

म्हणजे या घरात सुखदेव फार थोडे राहिले. मग त्याला वारसा का म्हणायचे, असे कोणी विचारले तर प्रश्न चुकीचा नाही. उत्तर नकाशात आहे. भगतसिंगांचे जन्मगाव बंगा आज पाकिस्तानात आहे. आपल्याकडे आहे ते खटकड कलांचे त्यांचे वडिलोपार्जित घर. लाहोरचे नॅशनल कॉलेज, जिथे हे दोघे मित्र झाले, तेही सरहद्दीपलीकडे. ज्या तुरुंगात २३ मार्च १९३१ ला फाशी झाली, त्याच्या जागी आता शादमान चौक आहे. तिघांपैकी ज्यांची जन्मघरे भारतात उरली ते दोघेच: भीमाकाठच्या खेडला राजगुरूंचा वाडा आणि लुधियान्याचे हे घर. खेडचे राजगुरुनगर झाले, वाडा मराठी माणसाला ठाऊक आहे. नौघरा आपल्यापैकी किती जणांनी पाहिला?

हुसैनीवाला मात्र बहुतेकांना माहीत असते. सतलजकाठची तिघांच्या दहनाची ती जागाही फाळणीत पलीकडे गेली होती. १९६१ मध्ये बदल्यात गावे देऊन ती परत मिळवली. १९७१ च्या डिसेंबरात तिथे घनघोर लढाई झाली. आम्हा फौजी लोकांना ते नाव त्यामुळेही पाठ. एका समाधीसाठी देश जमीन देतो, ही गोष्ट मला नेहमी मोठी वाटत आली आहे.

आता सुखदेव कोण होते ते थोडे नीट पाहू. साँडर्सवर गोळ्या झाडणारे राजगुरू आणि भगतसिंग. ८ एप्रिल १९२९ ला दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्ब टाकणारे भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त. सुखदेव या दोन्ही चित्रांत दिसत नाहीत. तरी लाहोर कटाच्या खटल्याचे सरकारी नाव सुखदेवांवरून पडले: सरकार विरुद्ध सुखदेव आणि इतर. इंग्रजांना नेमके कळले होते. माणसे निवडणे, आसरे शोधणे, पैसा आणि सामान जमवणे, पंजाबातली संघटना उभी ठेवणे हे काम त्यांचे. आमच्या भाषेत हा स्टाफ ऑफिसर. त्याच्यावर सहसा कोणी पोवाडा रचत नाही, पण त्याच्यावाचून मोहीम हलत नाही.

असेंब्लीत जाण्यासाठी केंद्रीय समितीने आधी भगतसिंगांना निवडले नव्हते. कोर्टात बाजू मांडायला त्यांच्याइतके समर्थ कोणी नाही, हा आग्रह सुखदेवांचा. जिवलग मित्राला मरणाच्या वाटेवर आपणच धाडतो आहोत, हे कळून केलेला आग्रह. फौजेत असा हुकूम देणाऱ्याच्या खांद्यावर निदान हुद्दा असतो. इथे हुकूम देणारा बावीसही पूर्ण नव्हता.

तर, ते घर. बाजारातून तिथे सरळ, रुंद रस्ता हवा ही मागणी बरीच वर्षे होते आहे. २३ मार्चला फुले घेऊन येणाऱ्यांची अडचण मी समजू शकतो. म्हातारी माणसे येतात, शाळेची मुले येतात. पण रस्ता काढायचा तो किती पाडून, हे आधी ठरवा. नौघरा म्हणजे नऊ घरांची वस्ती. भोवतालची घरे गेली, बोळ गेला, आणि मधे दिवे लावलेले एकच घर उभे राहिले, तर पाहणाऱ्याला काय कळणार? क्रांतिकारक साध्या शेजारात, भिंतीला भिंत लागलेल्या घरात जन्मला, हेच तिथे दिसते. पायवाट, नळ, वीज, तारांची गुंतवळ काढणे, चार भाषांत माहितीचा फलक, एवढे आधी करा. त्या चारांत एक मराठी असावी, राजगुरूंच्या नात्याने.

लुधियान्यावरून अमृतसरला, वैष्णोदेवीला आपली कितीतरी माणसे जातात. गाडी बदलायला दोन-तीन तास मिळाले तर स्टेशनावरून घंटाघर गाठा आणि तिथून पायीच निघा. मोटार आत नेण्याच्या भानगडीत पडू नका. चौडा बाजारात कोणाही दुकानदाराला विचारा, ‘शहीद सुखदेव का घर’.