दोन कथांची रुजुवात

नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा मार्ग आणि वर्ध्याकडे जाणारा लोहमार्ग यांच्या लगत, सोमलवाडा आणि बेसा या जुन्या गावांच्या शेजारी जी मनीषनगर नावाची वसाहत उभी राहिली, तिच्या वयाचा हिशेब काही दशकांतच आटोपतो. लेआउट पडले, प्लॉट विकले गेले, रेल्वेच्या फाटकापाशी तिष्ठत उभे राहण्यात एका पिढीच्या सकाळी खर्ची पडल्या आणि मग पूल झाला, एवढाच तिचा इतिहास. परंतु परीक्षेच्या हंगामात तेथील घराघरांतून ‘पुढील दोन कथांचे तुलनात्मक विवेचन करा’ या प्रश्नाशी झुंजणारी जी महाविद्यालयीन मुलेमुली आढळतात, त्यांच्या हातातले काम मात्र या भूमीत निदान सातशे वर्षांचे जुने आहे, आणि ते विद्यापीठाच्या मुशीतूनच प्रथम बाहेर पडले हा जो सार्वत्रिक समज आहे, त्याला विदर्भात तरी फारसा आधार नाही.

मराठी गद्यकथनाचा उगम ज्या लीळाचरित्रात मानला जातो त्याची जुळणी अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी केली. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या प्रयाणानंतर त्यांच्या लीळा ज्याने जशा पाहिल्या, ऐकले, ते त्या त्या माणसाला गाठून विचारून घ्यावे, आठवणीची खात्री करावी आणि मगच लेखणी चालवावी, अशी त्यांची शिस्त होती. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा सिद्ध करावी लागली, असे परंपरा सांगते. स्मरणे अनेक, म्हणून पाठही अनेक झाले. अशा वेळी एक पाठ खरा ठरवून बाकीचे रद्द करणे हा कोणत्याही सरकारी दफ्तरातला सोपा फैसला झाला असता. महानुभावांनी तो केला नाही. एकाच लीळेचे निरनिराळे पाठ त्यांनी ‘वासना’ या नावाने जतन केले, हिराइसेचा पाठ असा, अमुक बासांचा असा, हे नावनिशीवार नोंदून ठेवले आणि वाचणाऱ्यापुढे दोन्ही कथने शेजारी शेजारी मांडली. एका कथनात स्वामी प्रश्न विचारतात तर दुसऱ्यात तोच प्रश्न भक्ताच्या तोंडी येतो, एवढासा फरकही त्यांना टाकून देण्याजोगा वाटला नाही. केसोबासांच्या दृष्टांतपाठात आधी सूत्र, मग दृष्टांत आणि मग दार्ष्टांतिक, म्हणजे आधी सिद्धांत, मग गोष्ट आणि मग त्या गोष्टीचा सिद्धांताशी मेळ, अशी जी त्रिपदी बांधणी दिसते, तिच्यातही गोष्ट एकटी सोडायची नाही, तिला कशाच्या तरी समोर उभी करून वाचायचे, हीच वृत्ती आहे. या पोथ्यांचा आधुनिक अभ्यास ज्यांनी आयुष्यभर केला ते विष्णु भिकाजी कोलते पुढे 1966 ते 1972 या काळात नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि 1978 मध्ये त्यांनी संपादिलेले लीळाचरित्र प्रसिद्ध झाले; जुन्या वहिवाटीचा आणि नव्या विद्येचा असा सांधा एकाच माणसात जुळलेला क्वचितच पाहावयास मिळतो.

विद्यापीठाची हकीकत थोडक्यात सांगितली तरी पुरे. हिस्लॉप कॉलेज 1883 चे, मॉरिस कॉलेज 1885 चे. दोन्ही आरंभी कलकत्त्याच्या आणि नंतर अलाहाबादच्या विद्यापीठाशी जोडलेली, त्यामुळे नागपूरच्या विद्यार्थ्याचा प्रश्न परप्रांतात तयार होई आणि त्याचे उत्तरही परप्रांतातच तपासले जाई. 1923 साली, जानेवारीत विदर्भ साहित्य संघ आणि ऑगस्टात नागपूर विद्यापीठ, अशा दोन संस्था एका वर्षात जन्मास आल्या. संघाने वाङ्मयचर्चेला व्यासपीठ दिले. परीक्षेने तिला साचा दिला. साम्य एका बाजूस, भेद दुसऱ्या बाजूस, शेवटी शिल्लक काढून सही, असा हा जमाखर्चाचा साचा, आणि तो इतका घट्ट बसला की आजही मार्गदर्शिकांच्या पानांवर तो जशाच्या तसा मिळतो. त्यात दोन्ही कथा हजर असतात, पण त्यांची गाठ मात्र पडत नाही.

मात्र नागपूरला एक गोष्ट अशी लाभली होती जी पुण्यामुंबईला सहजी लाभली नाही. मध्यप्रांताची राजधानी असल्यामुळे येथे मराठी आणि हिंदी या दोन भाषा एकाच कचेरीत, एकाच बाजारात आणि पुष्कळदा एकाच उंबरठ्यावर नांदत होत्या. एप्रिल 1936 मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भारतीय साहित्य परिषदेची बैठक याच शहरात भरली. हिंदी, हिंदुस्थानी आणि उर्दू यांच्या नावांवरून तेथे जो वाद पेटला त्याच्याच कथा पुढे अधिक सांगितल्या गेल्या. पण त्या बैठकीस प्रेमचंद उपस्थित होते, आणि त्यांचे ‘हंस’ हे मासिक आदल्याच वर्षी या उपक्रमाचे मुखपत्र बनून निरनिराळ्या भारतीय भाषांतील साहित्य हिंदीत तर्जुमा करून एका वेष्टनात देऊ लागले होते, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने वादापेक्षा महत्त्वाची आहे. दोन भाषांतल्या दोन कथा एका अंकात लागोपाठ वाचावयास मिळणे, हे तुलनेचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उत्तम साधन होय. प्रेमचंद त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वारले.

पुढे 1948 नंतरच्या दशकात याच शहरात दोन सख्खे भाऊ राहत होते. थोरले गजानन माधव मुक्तिबोध, मातृभाषा मराठी असून हिंदीचे कवी, कथाकार आणि टीकाकार. धाकटे शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी, कादंबरीकार आणि टीकाकार, ज्यांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथाला 1979 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका घरातले संस्कार, मार्क्सवादाशी दोघांचाही निकट संबंध, आणि लेखनाच्या भाषा दोन. यांच्या वाङ्मयाची तुलना करण्यास बसलेल्या अभ्यासकाला साम्यांची यादी करण्याची गरजच उरत नाही; साम्य वंशावळीतच नोंदलेले असते, आणि त्याला थेट भेदापासून आरंभ करावा लागतो. माझ्या मते प्रत्येक तुलनेचा आरंभ असाच व्हावयास हवा.

याच्या उलट दाखला पुरुषोत्तम भास्कर भावे आणि वामन कृष्ण चोरघडे यांचा. दोघेही कथाकार, दोघांच्याही आयुष्याचा मोठा भाग नागपूर-वर्ध्याच्या परिसरात गेलेला. एक नागपुरातून ‘आदेश’ साप्ताहिक चालविणारे कडवे हिंदुत्वनिष्ठ, दुसरे स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले गांधीवादी. 1977 च्या पुण्याच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद भाव्यांकडे आणि त्याच्या पुढच्या, 1979 च्या चंद्रपूरच्या संमेलनाचे चोरघड्यांकडे आले. एवढे जुळून आल्यावर त्यांची तुलना न होती तरच नवल. पण मैफलींतून आणि चहाच्या टेबलांवरून ती जी झाली, ती बहुधा दोन माणसांची आणि दोन पक्षांची झाली. कथा तशाच बाजूस राहिल्या. आवेश हा भाव्यांचा आणि हळुवारपणा हा चोरघड्यांचा, असे एकदा ठरवून टाकले की कथा उघडण्याची तसदी वाचते.

म्हणून लेखकांना क्षणभर दूर सारून दोन कथाच समोरासमोर ठेवून पाहू, आणि नागपूरच्या रीतीप्रमाणे एक हिंदी व एक मराठी घेऊ. प्रेमचंदांच्या ‘कफन’मध्ये घीसू आणि माधव हे दलित बापलेक झोपडीबाहेर शेकोटीशी चोरून आणलेले बटाटे भाजून खात बसले आहेत, आत माधवची बायको बाळंतवेणांनी तळमळते आहे, आणि आपण उठून आत गेलो तर दुसरा बटाट्यांचा मोठा वाटा फस्त करील, या धास्तीने कोणीच उठत नाही. ती मरते. कफनासाठी जमीनदार दोन रुपये देतो, गावातून मिळून पाच रुपये होतात, आणि ते पाच रुपये दारूच्या गुत्त्यात पुऱ्यांसह संपतात. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’मध्ये वारणेकाठचा धिप्पाड भीमा मुंबईच्या उपनगरात खाणीवर दगड फोडीत असतो, खाण बंद पडते, घरी बायको आणि मुलगी, आणि एके दिवशी स्मशानातल्या राखेत त्याला सोने सापडते. मग राख चाळणे, मग मढी उकरणे. एका रात्री कोल्ह्यांच्या टोळीशी झुंज देऊन तो प्रेत मिळवितो, प्रेताच्या जबड्यात भीमाची बोटे अडकतात, आणि ती दोन बोटे डॉक्टरला कापावी लागतात. त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

दोन्ही कथांत भूक आहे, मृत्यू आहे, प्रेताचा अपमान आहे, एवढे लिहून विद्यार्थी थांबतो. पण येथून पुढेच खरी गंमत आहे. या दोन्ही घरांना पैसा कोठून मिळतो हे पाहावे. जिवंतपणी जिला अंगभर लुगडे मिळाले नाही तिच्या मढ्यावर नवे कापड हवे, ही रूढी आहे म्हणून घीसूच्या हातात रुपये पडतात. मेलेल्याच्या मुखात सोन्याचा कण घालावा, ही रूढी आहे म्हणून भीमाच्या घरची चूल पेटते. जिवंतांना न देणारा समाज मेलेल्यांना जे देतो, त्याच गंगाजळीवर दोन्ही कथा चालतात. हा समान पाया एकदा हाती आला की भेद आपोआप बोलू लागतात. घीसूने कष्टाकडे पाठ फिरविली आहे, आणि राबणाऱ्यांची स्थितीही त्याच्याहून फारशी बरी नाही असे निवेदक स्वतः मध्येच थांबून सांगतो, काहीसा उपहासाने आणि काहीसा वकिलीच्या सुरात. अण्णा भाऊंचा निवेदक वकिली करीत नाही. त्याला भीमाचे दंड, पहार, कोल्ह्यांचे दात दिसतात, आणि कष्ट हीच भीमाची प्रतिष्ठा असल्यामुळे त्याची शिक्षाही नेमकी बोटांवर येते.

कोण कोणाकडे कोठून पाहतो, हा प्रश्नही नागपूरच्या वाचकाला टाळता येत नाही. 14 ऑक्टोबर 1956 चे दलितांचे बौद्ध धर्मांतर ज्या शहराने पाहिले, त्या शहरात घीसू-माधवची जात हा निव्वळ तपशील म्हणून वाचला जाणे अशक्य आहे. हिंदीतील ओमप्रकाश वाल्मीकींसारख्या दलित लेखकांनी ‘कफन’वर जे कठोर आक्षेप घेतले, त्यांचे मूळ याच जागी आहे. अण्णा भाऊंच्या भीमाशेजारी घीसूला बसविले की तो आक्षेप अधिक धारदार होतो हे खरे, परंतु तेवढ्यावरून प्रेमचंदांची कथा लहान ठरविणारांशी मी सहमत नाही. शेकोटीपाशी बसलेला घीसू वीस वर्षांपूर्वीच्या ठाकुराच्या वरातीतल्या मेजवानीची जी आठवण उराशी बाळगून आहे, ती आळशी माणसाची लबाडी म्हणून निकालात निघत नाही. आयुष्यात पोटभर जेवण एकदाच मिळाले, आणि तेही लग्नाच्या पंगतीत; भीमाला मात्र असे काहीच आठवत नाही, त्याला फक्त उद्याची हजेरी हवी आहे.