आधी रस्ता, मग घर

'मानवत रोड' हे स्थानकाचे नाव आमच्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यातील 'रोड' या शब्दाकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. रेल्वेच्या परिभाषेत त्याचा अर्थ एवढाच, की गाव येथे नाही. गावाकडे जाणारा रस्ता येथून निघतो. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास मनमाडकडून लोहमार्ग आला, तेव्हा मानवत जेथे होते तेथेच राहिले. मराठवाड्यातील जुन्या गावांची रीतच अशी आहे: घरे आधी, गल्ल्या मागाहून. घरे बांधून उरली ती जागा म्हणजे वाट.

येथून मुंबईस जाणाऱ्याला दादर लागते. नेमक्या त्याच काळात तेथे या रीतीच्या उलट काहीतरी घडत होते. तेथे रस्ते आधी आखले गेले आणि घरे पुढे कितीतरी वर्षांनी आली. दादरच्या जुन्या इमारतींविषयी आज जो वाद चालतो, तो समजून घ्यायचा तर हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या आणि कोंडलेली हवा यांवर ठपका आला. १८९८ साली कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने शहराच्या पोटात काही वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले आणि उत्तरेस शेते, बागा व खाजण यांच्या जमिनी संपादून दादर-माटुंग्याची योजना आखली. दादर आज मुंबई शहरात मोडते. पण तेव्हा ते उपनगर होते, आणि नियोजनपूर्वक वसविलेले उपनगर होते. भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले जात. किती भागावर बांधायचे, किती जागा मोकळी सोडायची, हे मालकाच्या मर्जीवर नव्हते. शेजारच्या घराला आणि समोरच्या रस्त्याला हवा मिळावी, हा त्यामागचा हेतू होता.

पहिल्या महायुद्धामुळे हे काम रेंगाळले. पुढे वस्ती झाली ती मात्र ट्रस्टच्या कल्पनेपेक्षा वेगळी. मंचेरजी जोशी यांनी पारशी समाजातील मध्यमवर्गीयांसाठी १०३ भूखंड मिळविले आणि दादर पारशी कॉलनी उभी राहिली. शेजारी हिंदू कॉलनी झाली. नावांतूनच दिसते की आखणी नवी असली तरी माणसे आपापली जात आणि धर्म घेऊनच राहावयास आली. या हिंदू कॉलनीतच १९३० च्या दशकाच्या आरंभी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'राजगृह' बांधले, आणि बांधताना आपल्या ग्रंथसंग्रहाचा विचार आधी केला. दादरचा इतिहास सांगताना हे घर वगळले तर तो इतिहास अपुरा राहील.

ट्रस्टच्या मनात उपनगर म्हणजे बागेतला बंगला होता. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या तीन-चार मजली इमारती. चाळीतील सामाईक संडासाऐवजी प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचा संडास आणि न्हाणी, ही आज किरकोळ वाटणारी गोष्ट तेव्हा मोठी होती. ज्या घरांत सोवळे-ओवळे पाळले जाई, तेथे स्वयंपाकघराच्या छपराखाली संडास येणे म्हणजे आचारविचारांशीच तडजोड होती. मराठी मध्यमवर्गाने ती केली. तेव्हा या इमारती केवळ गोल कोपऱ्यांच्या गॅलऱ्यांमुळे ऐतिहासिक ठरत नाहीत. शहरात राहण्याची एक नवी पद्धत त्यांतून घडली.

त्या गॅलऱ्यांतून रस्त्याशी बोलणे होई. भाजीवाल्याला हाक मारता येई, आणि खाली खेळणाऱ्या मुलावर नजरही राही. दादरला ट्राम होती. ३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरलाच आली. ट्राम गेली तरी 'दादर टी. टी.' हे नाव टिकून आहे.

इमारती मात्र टिकत नाहीत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला आधार दिला. पण गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती परवडेना. पुढे पुनर्विकासासाठी वाढीव चटईक्षेत्राची तरतूद झाली आणि पडक्या इमारतीपेक्षा तिच्याखालची जमीन मोलाची ठरली. मुंबईत वारसा-नियम १९९५ सालीच आले. तरी २०१२ साली शिवाजी पार्कसारखे परिसर वारसा-यादीत घालण्याचा प्रस्ताव निघाला, तेव्हा विरोध केला तो तेथील रहिवाशांनीच. त्यांना दोष देणे आम्हांस अवघड वाटते. ज्याच्या डोक्यावर छत गळते आहे त्याने जिना चढत चौथा मजला गाठावा आणि आम्ही खालून त्याच्या गॅलरीचे कौतुक करावे, यात न्याय नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. नव्या मनोऱ्याचे खालचे मजले मोटारींना दिले जातात. राहती माणसे त्यांच्या वर सुरू होतात. रस्ता तेवढाच रुंद राहतो, मात्र त्याच्याकडे पाहणारे कोणी उरत नाही. ट्रस्टने घातलेल्या अटींचे सूत्र हे होते की घर बांधणाऱ्याचे रस्त्याशी काही देणे लागते. इमारत पाडताना हे देणेही बुडते, आणि त्याची नोंद कोठल्याच करारात नसते.

सर्व इमारती राखाव्यात, असे आमचे म्हणणे नाही. बांधा, परंतु नव्या नियमांत त्या देण्याची तरतूद असावी, आणि पाडण्यापूर्वी इमारतीचे नाव, साल, नकाशा व तेथे राहिलेल्यांच्या आठवणी टिपून ठेवाव्यात. आमच्या मानवतकडील गल्ल्या कोणी आखल्या नव्हत्या. त्यामुळे त्या बुजल्या तर आम्हांला कोणता नियम दाखविता येणार नाही. दादरपाशी तो नियम होता. तेथे रस्ता आधी होता. निदान त्याला विचारून तरी घर बदलावे.